घोषालसाहेबांच्या मोटारीचा फिल्टर

मोटार आमच्या दारासमोर बंद पडली तो रविवार होता, एवढं मी छातीठोकपणे सांगते. बाकीचं जसं आठवतं तसं सांगणार, आणि जे तेव्हा कळलं नव्हतं ते आता कळल्याचा आव आणणार नाही. म्हातारपणी माणसं लहानपणाचे अर्थ लावत बसतात. मीही बसते, आणि दर वेळी या मोटारीपाशी आलं की माझं घोडं पेंड खातं. त्या आठवड्यात कोण बरोबर वागलं आणि कोण चुकलं हे मला आजही नीट सांगता येत नाही. तेव्हा तर काहीच कळत नव्हतं.

आम्ही तेव्हा कॅम्पात राहत होतो. कॅम्प म्हणजे टिनाच्या छपरांच्या लांबच लांब ओळी, एका ओळीत बारा खोल्या, दोन ओळींमागे एक नळ. बाबा, लक्ष्मण त्यांचं नाव, पाइप फिटर होते. आधी नागपूरकडे रेल्वेच्या लोकोशेडमध्ये वाफेच्या आणि पाण्याच्या पाइपांवर त्यांनी कितीतरी वर्षं काढली होती. भिलाईला पोलादाचा कारखाना उभा राहतो आहे आणि तिथे फिटर लोकांना बोलावून बोलावून कामाला लावतात असं ऐकून ते इकडे आले, आणि त्यांच्या मागोमाग माय आणि मी. दिवसभर जमिनीत खांब ठोकल्याचा आवाज यायचा. धम्म, मग थोडी उसंत, मग पुन्हा धम्म. मुरमाची लाल धूळ भाकरीत, पाण्यात, केसांत, सगळीकडे. माय पिठाच्या डब्यावर ओलं फडकं बांधून ठेवायची आणि तरी पहिल्या घासाला दाताखाली कचकच यायचीच. शेजारच्या छत्तीसगढी बायकांकडून ती बासी करायला शिकली, म्हणजे आदल्या दिवशीचा भात पाण्यात भिजवून सकाळी कांदा आणि हिरव्या मिरचीशी खायचा. बाबा आधी कुरकुरले, आपलं शरीर ज्वारीच्या भाकरीवर वाढलेलं आहे म्हणाले, आणि आठ दिवसांत स्वतःच मागून खाऊ लागले.

बाबांची नोकरी हंगामी होती. बांधकामाचा एकेक भाग पुरा होत आला होता, आणि मस्टरवरच्या माणसांची कपात होणार हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. त्यांतल्या काहींना कायम करणार, त्यांच्या नावांची यादी लागणार. यादीत नाव आलं तर कायमची नोकरी आणि सेक्टर सहामध्ये क्वार्टर. नाही आलं तर खोली रिकामी करायची आणि वर्ध्याकडच्या गावी परत जायचं, जिथे आमचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं. मी दहावीला होते. परत गेलो असतो तर माझी शाळाही तिथेच संपली असती. माय फावल्या वेळी मला घेऊन सेक्टर सहाची बांधकामं बघायला जायची. छातीएवढ्या भिंतींमधून ती हिंडायची, चूल कुठे येईल, रांजण कुठे ठेवता येईल ते हातवारे करून सांगायची. एका क्वार्टरची तर तिनं मनात निवडही करून टाकली होती, कारण त्याच्या मागच्या दाराशी नळ येणार होता. गवंडी हसायचे, पण तिला कुणी हाकललं नाही.

बाबांच्या गँगमधल्या कोणाची शिफारस करायची हे घोषालसाहेबांच्या हातात होतं. निदान सगळे तसं समजत. साहेब बंगाली, तिशीच्या आतले, एकटे. विलायतेला शिकायला गेले होते आणि येताना ही मोटार घेऊन आले होते. लाल रंगाची, दोन माणसांपुरती, वरून उघडी, आणि इतकी बुटकी की शेजारून बैलगाडी गेली तर गाडीवानाला साहेबांचा भांग वरून दिसे. स्पोर्ट्स कार हा शब्द मी पुष्कळ पुढे शिकले. कॅम्पात तिला साहेबाचं खेळणं म्हणत. इथल्या खड्ड्यांतून ती अशी काही आपटत जायची की बघणाऱ्याच्याच कमरेत कळ यावी.

त्या रविवारी माय शिवनाथ नदीतल्या मासोळीचा रस्सा करत होती. बाहेर मोटार दोनदा खोकली, पुढे सरकली, पुन्हा खोकली आणि बरोबर आमच्या दारापुढे गप्प झाली. मायनं दाराच्या फटीतून पाहिलं आणि पुटपुटली, "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं." बाबा अंगात सदरा घालत बाहेर धावले. शेजारच्या खोलीतले ईश्वरकाका, जे बाबांच्याच गँगमध्ये होते, तेही आले. दोघांनी मिळून मोटार ढकलत आमच्या तट्ट्याच्या मांडवाखाली आणली. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसत सांगितलं की पेट्रोलच्या टाकीतला गंज आणि इथली धूळ मिळून फिल्टर तुंबला आहे. नवा फिल्टर मुंबईहून रेल्वे पार्सलनं मागवलेला, तीन आठवडे मागच्या डिकीत पडून होता. दुर्गच्या एका मिस्त्रीनं बॉनेट उघडून आत बघितलं, आणि विलायती कामाला हात लावत नाही म्हणून हात जोडले होते. साहेबांना गणितं येत होती, नकाशे येत होते, पण पान्हा कुठल्या बाजूला फिरवायचा ते येत नसावं. बाबांनी जन्मात पेट्रोलचं इंजिन उघडलं नव्हतं. ते वाकले, आत बघितलं, बारीक तांब्याच्या नळीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "पाइप ही है न साहब? फिर हो जाएगा."

आता मायची पंचाईत सुरू झाली. साहेब कोणत्या जातीचे ते तिला ठरवता येईना. आम्ही दीक्षा घेतलेले, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, आणि बाबांनी घरात सांगून ठेवलं होतं की यापुढे कुणाला काय चालतं हे आपण विचारायचं नाही, ज्याचं त्यानं बघावं. पण सांगणं सोपं. मायनं मला कोपऱ्यात ओढून विचारलं, "त्याइले चहा द्यू का नाही द्यू? दिला अन् घेतला नाही त? अन् नाही दिला त म्हनतीन का विचारलं बी नाही." मला काय माहीत. मी म्हटलं, दे. तिनं म्हटलं, तूच ने. एवढ्यात साहेबांनीच नाक वर करून विचारलं की मासा कोणता आहे. अर्ध्या तासानं ते आमच्या खाटेवर मांडी घालून भात आणि रस्सा खात होते, काटे बोटांनी असे सफाईनं काढत होते की माय बघतच राहिली. दुसऱ्यांदा भात मागितल्यावर तर ती इतकी गोंधळली की मीठच वाढून बसली. जेवण झाल्यावर साहेब तिथेच आडवे झाले आणि घोरायला लागले. साहेब आमच्या घरी झोपतात याचा अर्थ चांगला की वाईट, यावर ईश्वरकाका आणि माय यांचं बाहेर कुजबुजत बराच वेळ चाललं होतं.

हल्ली मी भिलाईजवळ जुनवानीला मुलाकडे असते. त्याची मोटार दर काही महिन्यांनी कुणीतरी घेऊन जातं आणि धुऊन परत आणतं. फिल्टर बदलला असं कागदावर लिहिलेलं असतं. मी एकदा विचारलं, जुना बघायला मिळेल का, तर मुलगा म्हणाला, आई, तुला काय करायचंय. खरंच मला काय करायचंय. पण त्या दुपारी मी फिल्टर हातात धरला होता. लहान काचेची वाटी, तिच्यात बोटाएवढी पितळेची जाळी, वर पितळेचं टोपण, टोपणाला दोन बाजूंनी नळ्या. एका बाजूनं पेट्रोल येतं, जाळीतून गाळलं जातं, दुसऱ्या बाजूनं इंजिनाकडे जातं. जुन्या वाटीत चहाच्या चोथ्यासारखा लाल गाळ बसला होता. बाबांनी तो बोटावर घेऊन चोळला, हुंगला आणि हसले. म्हणाले, मोटारीलाही आपल्यासारखीच धूळ खावी लागते.

पार्सलमध्ये फिल्टरबरोबर एक इंग्रजी पुस्तिका होती. बाबा मराठी अक्षर लावून वाचायचे, सही करायचे. इंग्रजी त्यांना येत नव्हतं. त्यांनी हात धुतले, पंच्याला पुसले, पुस्तिका दोन्ही हातांनी उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, वाच. माझी शाळा हिंदी, घर मराठी, आणि इंग्रजी म्हणजे आठवड्यातून पाच तास. एक वाक्य इंग्रजीत वाचायचं, मनात त्याचं हिंदी करायचं आणि बाबांना आपल्या बोलीत सांगायचं, असं चाललं. शाळेचा शब्दकोश मांडीवर होता. बाबा प्रत्येक वाक्याला मान डोलवत. आधी बॅटरीची तार सोडा. सोडली. टाकीकडची नळी सोडताना खाली भांडं धरा. धरलं. ते भांडं मायचं होतं, आणि त्याला पुढे कायम पेट्रोलचा वास राहिला, त्यावरून तिनं कितीतरी दिवस बोलणी ऐकवली. वाटी, जाळी, बुचाची चकती यांचा क्रम मी वाचला, बाबांनी लावला. मला त्या वेळी काय वाटत होतं ते मी साफ सांगते. मला आपण फार मोठ्या झाल्यासारखं वाटत होतं. कॅम्पातली पोरंसोरं भोवती उभी होती, आणि मी वाचते तसा माझा बाप हात चालवतो आहे.

मग जोड बसवायची पाळी आली. पुस्तिकेत लिहिलं होतं की चकती आणि नळ्यांचे जोड कोरडेच बसवावेत, त्यांना कसलाही लेप लावू नये. लेप हा शब्द मी कोशात पाहून खात्री केली आणि बाबांना सांगितलं. बाबांची मान पहिल्यांदाच डोलली नाही. ते उठून घरात गेले आणि आपली पिशवी घेऊन आले. तिच्यात सफेद्याचा डबा होता आणि तागाच्या सुताचा गुंडा. पाइपाच्या कामात हा देवधर्म असतो. आट्यांवर सूत गुंडाळायचं, वरून सफेद्याचा पांढरा लेप चोपडायचा, मग जोड कसायचा. त्याशिवाय वाफ थांबत नाही, पाणी थांबत नाही. शेडमध्ये नवशिक्यानं जोड कोरडा लावला तर त्याच्या हातावर पान्हा बसायचा. मी पुन्हा म्हटलं, "बाबा, कोरडं लावा म्हनून लिवलं आहे." त्यांनी विचारलं, नीट वाचलंस का. मी म्हटलं, हो. ते म्हणाले, आणखी एकदा बघ. मी आणखी एकदा पाहिलं आणि तेच सांगितलं.

त्यांनी सफेद्याचा डबा उघडला. मग सूत गुंडाळायला लागले. म्हणाले, तिकडे थंडीच्या देशात चालत असेल, इकडे ऊन आहे, जोड सैल पडतो. ईश्वरकाकांनी दुजोरा दिला. आणि मी गप्प बसले. माझं इंग्रजी ते किती, आणि बाबांचे हात ते केवढे. मला खरोखरच वाटायला लागलं की मीच चुकीचं वाचलं असणार, कोशात शब्दाचे तीन-तीन अर्थ असतात, त्यातला मी भलताच उचलला असणार. साहेबांना उठवून विचारावं असंही मनात आलं. पण साहेब झोपलेले, आणि बापाच्या विरुद्ध साहेबाला विचारायला जाणं कसं दिसेल? जोड बसला. साहेब जागे झाले, किल्ली फिरवली, मागून पेट्रोलचा पंप टिकटिक वाजला आणि मोटार सुरू झाली. थेंब गळला नाही. साहेबांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. बाबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि मला त्यात मान वाटला की अपमान, ते तेव्हा ठरवता आलं नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार मोटार झकास पळाली. माय क्वार्टरमधल्या नळाबद्दल ठाम बोलायला लागली. गुरुवारी दुपारी मोठ्या साहेबांना नागपूरकडे जायची गाडी पकडायची होती, त्यांची स्वतःची जीप कुठेतरी गेलेली, म्हणून घोषालसाहेबांनी त्यांना मोटारीत घेतलं. दुर्गच्या वाटेवर मोटार बंद पडली ती काही केल्या हलेना. मोठे साहेब, ज्यांची सही झाल्याशिवाय यादी लागत नाही, ते एका दूधवाल्याच्या सायकलीवर मागच्या कॅरिअरवर बसून, बॅग मांडीवर धरून, स्टेशनात पोचले. ही बातमी मोटारीच्या आधी कॅम्पात आली. ईश्वरकाकांना ती सांगताना हसू आवरत नव्हतं, आणि मायचा चेहरा पाहून आवरलं. घरात माय नुसती फिरत होती, एक भांडं उचलत होती, ठेवत होती.

चार वाजता घोषालसाहेब बाबांना बरोबर घेऊन आमच्याकडे आले. मोटार बैलगाडीच्या मागे बांधून आणली होती. साहेबांनी रुमाल सोडून आमच्या खाटेवर पसरला. त्यात पांढऱ्या चिकट गोळ्या होत्या आणि तागाचे केस. पेट्रोलनं सफेदा विरघळून सुटला होता, जाळीच्या पुढच्या बाजूनं इंजिनात गेला होता, आणि कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसला होता. साहेब रागावले नव्हते, किंवा त्यांचा राग मला ओळखता येत नव्हता. त्यांनी पुस्तिका उघडली, त्याच ओळीवर बोट ठेवलं, आणि बाबांना काही न विचारता मला विचारलं, "ये तुमने पढ़ा था न? क्या लिखा है इसमें?"

बाबा दाराशी उभे होते. माय चुलीपाशी. मी रुमालाकडे बघत होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, यादी. आत्ता जर मी म्हटलं की मी बरोबर वाचलं होतं, तर मग चूक बाबांची, आणि ज्या फिटरला सांगितलेलं ऐकता येत नाही त्याला कायम कोण करेल? आणि माझी चूक म्हटली तर मी काय, एक शाळेतली मुलगी. माझं कुणी काय करणार होतं? मी म्हटलं, "मुझे समझ में नहीं आया था, सर. मैंने बाबा को उलटा बताया."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. खरंच वाटलं. मी बाबांकडे पाहिलं, की त्यांनाही वाटलं असेल. बाबांचा चेहरा असा झाला होता की जणू मी त्यांच्या थोबाडीत मारली. ते पुढे आले आणि साहेबांना म्हणाले, "झूठ बोलती है, साहब. इसने सही पढ़ा था. दो बार पढ़ा. मैंने नहीं सुना."

साहेबांनी खाटेवरच्या रुमालाला पुन्हा गाठ मारली. उद्या येऊन दुरुस्त करा, एवढं सांगून ते पायीच निघून गेले. पुस्तिका खाटेवरच राहिली.

मला मार बसेल असं वाटलं होतं. बसला असता तर बरं झालं असतं. बाबा जमिनीवर बसले. मग म्हणाले, "तुले कोनं सांगतलं होतं खोटं बोलाले?"

मी रडत म्हटलं, "तुमची नोकरी जाईन म्हनून."

"नोकरी माही होती," ते म्हणाले. "वाचनं तुहं होतं. ते कावून देऊन टाकलं त्याले? म्या चुकलो त चुकलो. मी चुकून चुकूनच शिकलो. पन लक्ष्मनच्या पोरीले वाचता नाही येत, हे त्या मानसापुढं तूच बोलून राहिली. मंग माह्याजवळ काय राह्यलं?"

मला काही म्हणजे काही समजलं नाही. मी त्यांना वाचवलं होतं आणि ते माझ्यावरच उलटले होते. आणि वाचता येत असेल तर त्या दिवशी माझं ऐकलं का नाही, हा प्रश्न माझ्या ओठावर होता, तो मी गिळला. आज विचारीन म्हटलं तर ते नाहीत. मायचा निकाल सरळ होता. ती भाकरी थापता थापता म्हणाली, बाप खरं बोलून घर बुडवते अन् पोरगी खोटं बोलून, मले दोघाइनं कुठं नेऊन सोडलं कोन जाने. त्या संध्याकाळी वांग्याची भाजी होती, मायच्या हातची, आणि तिघांपैकी कुणी दुसरी भाकरी घेतली नाही.

शुक्रवारी पाळी सुटल्यावर बाबांनी मोटारीचं काम काढलं. माझ्याशी बोलणं बंद होतं. त्यांनी हात धुतले, पुस्तिका माझ्या पुढ्यात ठेवली, "वाच" म्हणाले आणि वाट बघत बसले. मी एक वाक्य सांगेपर्यंत ते बोट हलवत नव्हते. सांगितलं की तेवढंच करत. कार्ब्युरेटर सोडला, भोकं पेट्रोलनं धुतली, तोंडानं फुंकून साफ केली. जोडापाशी आलो तेव्हा मी म्हटलं, कोरडा. त्यांनी आट्यांवरचा सफेद्याचा शेवटचा कण नखानं खरवडून काढला, फडक्यानं पुसला आणि कोरडा जोड बसवला. बसवताना त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मोटार सुरू झाल्यावर ते पाच मिनिटं जोडाखाली तळहात धरून बसले. तळहात कोरडा राहिला. त्यांनी तो मला दाखवला नाही, स्वतःच बघत राहिले.

घोषालसाहेब मोटार न्यायला आले तेव्हा त्यांनी बाबांना बाजूला घेऊन म्हटलं की यादी आता माझ्या हातात नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? त्यांनी शिफारस करून पाठवली होती आणि पुढचं वरचे ठरवणार, असा? की सायकलीवरून गेलेल्या मोठ्या साहेबांपुढे त्यांचं काही चाललं नाही, असा? की ती नुसती जाता जाता काढलेली पळवाट होती? बाबांनी विचारलं नाही. पुढे साहेबांची बदली झाली, मोटारही त्यांच्याबरोबर गेली, आणि मला हे विचारायला माणूस उरला नाही.

यादी शनिवारी लागली, टाइम ऑफिसच्या भिंतीवर, इंग्रजीत टाइप केलेली. बाबांनी मला शाळेतून सुटल्यावर सायकलीवर बसवून तिथे नेलं. भिंतीपाशी पन्नास-साठ माणसं उभी होती. एक बाबू यादी घाईघाईनं वाचून निघून गेला होता, आणि कुणाला काय ऐकू आलं त्यावरून वाद चालले होते. ईश्वरकाका आधीपासून तिथे होते. बाबांनी मला खांद्याला धरून पुढे नेलं. माणसांनी वाट दिली. बाबा म्हणाले, "वाच. मोठ्यानं."

मी वाचू लागले. एकेक नाव वाचलं की गर्दीत कुठेतरी कुणीतरी श्वास सोडी. ईश्वरकाकांचं नाव आलं. ते मटकन खालीच बसले. मी पुढे वाचत गेले. लक्ष्मण दोन होते, एक आंध्राचा आणि एक बिलासपूरचा. शेवटची ओळ येण्याआधीच मला दिसलं होतं.

पुढचं सांगून टाकते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. जामुलकडे सिमेंटच्या कारखान्याचं काम निघालं, बाबांना तिथे पाइपांवर घेतलं, आम्ही तिकडे राहायला गेलो. मी ईश्वरकाकांच्या घरी राहून शाळा पुरी केली, पुढे शिक्षिका झाले. सेक्टर सहामधलं क्वार्टर मला माझ्या नोकरीवर मिळालं, तेव्हा माय थकलेली होती, नळ मागच्या दाराला नव्हता, आणि तिनं त्यावरून मला ऐकवलं. पण त्या भिंतीपुढे उभी असताना यातलं काहीच मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की आमचं नाव नाही, आणि हे मला मोठ्यानं म्हणायचं आहे. टाइप पुसट होता. खालच्या दोन ओळी नीट लागत नाहीत असं म्हणता आलं असतं. निदान त्या संध्याकाळपुरती तरी मायच्या चुलीला धग राहिली असती. तो विचार मनात आला, हे मी लपवत नाही.

मी शेवटचं नाव वाचलं आणि म्हटलं, "बाबा, तुमचं नाव नाही."

ईश्वरकाका उठून पुढे आले. त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटत होतं. म्हणाले, इंग्रजी अक्षर आहे, पोरगी लहान आहे, गडबडीत एखादी ओळ सुटली असेल, बाबूला पुन्हा बोलावून आणू, त्याच्याकडून वाचून घेऊ. दोघातिघांनी हो म्हटलं. कुणीतरी बाबूला बघायला निघालंही.

बाबांनी त्याला दंडाला धरून थांबवलं. ते यादीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. गुरुवारपासून पहिल्यांदा.

"बाबू कायले पाह्यजे," ते म्हणाले. "माह्या पोरीनं वाचलं ना. नाही म्हनजे नाही."

मग त्यांनी सायकल वळवली आणि मला म्हणाले, "बस."